पोटावर हात ठेवल्याशिवाय 'गॅस' म्हणायचं नाही : पोटाच्या तक्रारी आणि तपासणी

खाडीकाठचा डॉक्टर (धागाकर्ता)

मंडळी, राजापूर तालुक्यात खाडीलगत माझा दवाखाना आहे. रोजच्या रांगेत पोटाची तक्रार घेऊन आलेले बरेच असतात. कोणाला गॅस झालेला असतो, कोणाचं पित्त खवळलेलं असतं, कोणाला काहीतरी बाधलेलं असतं. यातले बहुतेक जण साध्या उपायांनी बरे होतात. पण त्याच रांगेत, तेच शब्द तोंडात घेऊन सुजलेलं अपेंडिक्स बसलेलं असतं, अडकलेला हर्निया बसलेला असतो, क्वचित हार्ट अटॅकही बसलेला असतो. सर्जन आणि सीटी स्कॅन आमच्यापासून तासा-दोन तासांच्या वाटेवर, पावसाळ्यात दरड आली तर त्याहून लांब. कोणाला आत्ता गाडीत घालायचं, कोणाला संध्याकाळी परत बोलवायचं आणि कोणाला निर्धास्त घरी पाठवायचं, हे गावातच ठरवावं लागतं. आणि ते ठरवायचं तर पेशंटला आडवं करून पोट तपासायला हवं. खुर्चीत बसल्या बसल्या पोटाची गोळी लिहून द्यायची पद्धत रुळत चालली आहे, तिची मला मनापासून काळजी वाटते. म्हणून हा धागा.

आधी विचारायचं काय, ते सांगतो. 'नक्की कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा.' कोणी बोट टेकवून जागा दाखवतो, कोणी सगळ्या पोटावरून तळवा फिरवतो. एवढ्यानेच निम्मं काम होतं. मग कळ येऊन जाते की दुखणं सलग आहे, जेवल्यावर वाढतं की थांबतं, पाठीत जातं का, रात्री झोपेतून उठवतं का. उलटी आधी झाली की दुखणं आधी सुरू झालं, हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. अपेंडिक्समध्ये सहसा आधी बेंबीभोवती दुखतं, अन्नावरची वासना उडते, मग मळमळ-उलटी आणि काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली सरकतं. खाण्यातून बाधलं असेल तर बहुतेकदा उलट्या-जुलाब पुढे आणि कळा त्यांच्याबरोबर.

वजन कमी झालंय का, असं विचारलं तर 'नाही' असंच उत्तर येतं, कारण वजन कोणी करतच नाही. 'ब्लाउज सैल होतात का, पट्ट्याचं भोक बदललं का' म्हटलं की खरं कळतं. कंबरेसाठी, गुडघ्यासाठी कोणती गोळी घेता, हेही विचारा. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून कंबर धरते आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी दोन दोन वेळा घेतल्या जातात. अशा माणसाला डांबरासारखी काळी, चिकट शौचाला झाली तर जठरातल्या जखमेतून रक्त जातंय असं समजूनच पुढे चाला. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा तेवढी खात्री करून घ्यावी. मूल होण्याच्या वयातल्या बाईला पाळी कधी आली होती हे विचारायचंच, पण सासू आणि नवऱ्याला बाहेर बसवून. गर्भ नळीत राहिला असेल तर तो ओटीपोटातच दुखतो. आशाताईंकडचं गरोदरपण तपासायचं 'निश्चय' किट इथे फार मोलाचं आहे.

आता तपासणी. पेशंट पाठीवर, गुडघे थोडे वाकवलेले, हात बाजूला. कपडा जांघेपर्यंत खाली. पुरुष डॉक्टरने बाईला तपासताना सोबत सिस्टर हवीच, आणि काय करतोय ते आधी सांगायचं. मग हात न लावता पाहायचं : पोट श्वासाबरोबर हलतं का, कुठे फुगवटा आहे का, जुन्या ऑपरेशनची खूण आहे का. एकदा खोकायला सांगायचं आणि तेव्हा दोन जागांकडे बघायचं, जांघेकडे आणि चेहऱ्याकडे. खोकताना जांघेत फुगवटा आला तर हर्निया. खोकल्यासरशी चेहरा पिळवटला आणि हात पोटाकडे गेला तर आतल्या आवरणाला सूज आली असण्याची शक्यता मोठी. लहान मुलाला मी उडी मारायला सांगतो. जे पोर खुशाल उड्या मारतं त्याचं पोट सहसा सर्जनचं नसतं.

पोटाच्या बाबतीत स्टेथोस्कोप हाताच्या आधी, कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात. खरं सांगायचं तर या आवाजांवर माझा फार भरवसा नाही. अगदी शांत पोट आणि कळेबरोबर येणारे टणत्कार एवढंच लक्षात ठेवण्यासारखं. ठोकून बघण्यातून त्यापेक्षा जास्त कळतं. ही पद्धत व्हिएन्नातल्या आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ साली प्रसिद्ध केली. फुगलेलं पोट वाऱ्याचं असेल तर ढोलासारखं वाजतं, पाण्याचं असेल तर कुशीकडे बद्द वाजतं आणि पेशंटला कुशीवर वळवलं की बद्द आवाजाची जागा सरकते. साधारण दीड लिटर पाणी साठल्यावर हे नीट कळतं. दारूने गेलेलं यकृत आणि पोटाचा टीबी ही आपल्याकडची दोन मोठी कारणं.

शेवटी हात. आधी तो चोळून ऊब आणा, गार हाताने पोट आपोआप आवळतं. जिथे दुखतं तिथून सगळ्यात लांब सुरुवात करा. बोटांची टोकं खुपसू नका, पूर्ण पंजा सपाट ठेवा आणि नजर चेहऱ्यावर ठेवा. गप्पा मारत राहिलं की घाबरून आवळलेलं पोट सैल पडतं. खरंच कडक असलेलं पोट गप्पांनी सैल होत नाही, आणि तो पेशंट त्या दिवशी आपल्याकडे ठेवायचा नाही. अपेंडिक्सची जागा शोधायची तर कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ मनात धरा. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर तो बिंदू. मॅकबर्नीने १८८९ मध्ये तो दाखवून दिला. उजव्या बरगडीखाली हात ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितल्यावर श्वास मधेच अडला तर पित्ताशयाची सूज. हिला मर्फीची खूण म्हणतात.

तुमचे अनुभव, शंका लिहा. वैद्यकीय नसलेल्यांनीही लिहा.

सेविकाताई

डॉक्टर, उपकेंद्रात आम्ही पोटाला सगळ्यात जास्त हात लावतो तो जुलाबाच्या बाळांच्या. बेंबी आणि कूस यांच्या मधली कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक, हळू गेली तर पाणी कमी झालंय, दोन सेकंदांच्या वर घडी तशीच राहिली तर गंभीर. सोबत डोळे खोल गेलेत का, बाळ हपापून पितंय की पेंगतंय हे बघायचं. आयांना मी ही चिमटी स्वतःच्या हाताने करून बघायला लावते, मग त्यांना वेळेत कळतं. फक्त अगदी वाळलेल्या, कुपोषित बाळात चिमटी फसवते, हेही सांगते.

ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात. निम्मं पाकीट पेल्यात घालून द्यायचं नाही, हे दर पावसाळ्यात नव्याने सांगावं लागतं. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. आपल्याकडे घरोघरी पेज असते, ती मीठ घालून दिली तर फार चांगली. 'जुलाबात भात नको, पाणी नको' म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत, त्यांना पेज मात्र चालते.

खाडीकाठचा डॉक्टर

ताई, चिमटीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. ओआरएसबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत असावी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपातून वाटायला लावलं, आणि ते नातेवाइकांच्या हातून पाजलं. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हाच उपाय आपल्या उपकेंद्राच्या कपाटात पडून असतो आणि लोक जुलाबाला सलाईन लावा म्हणून हटून बसतात.

चाकरमानी

मी कांदिवलीला असतो, आई-बाबा गावी, लांजा तालुक्यात. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. फोनवर कायम एकच, 'काही नाही रे, गॅस झालाय, ओवा खाल्ला.' इथून मला पोट तपासता येत नाही. मी फोनवर काय विचारावं?

खाडीकाठचा डॉक्टर

फार महत्त्वाचा प्रश्न. बाबांच्या वयाला आणि मधुमेहाला धरून पहिली काळजी हृदयाची. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक कित्येकदा छातीत न दुखता बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधे दुखतो. मळमळ येते, ढेकर येतात, ढेकराने थोडं बरंही वाटतं. मधुमेहात दुखणं आणखी पुसट असू शकतं. तेव्हा विचारा : घाम आलाय का? चालल्यावर, चढण चढल्यावर होतं आणि थांबल्यावर कमी होतं का? दम लागतोय का? जबड्यात, हातात, पाठीत काही जातंय का? यातल्या एकालाही 'हो' आलं, किंवा असा गॅस त्यांना याआधी कधी झालेला नसेल, तर ओवा बाजूला ठेवून ईसीजी निघेल तिथे तडक न्यायचं. घाम फुटलाय आणि दुखणं चालूच आहे अशी वेळ असेल तर १०८ ला फोन, मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नये. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालू राहिलं तर थोड्या वेळाने परत काढायचा, हेही लक्षात ठेवा.

शेजारच्या कोणाचा तरी नंबर तुमच्याकडे असू द्या. बाबा तुम्हाला 'काही नाही' म्हणतील. आईंना वेगळं विचारा, 'चेहरा कसा दिसतोय?'

रापणकर

डॉक्टरानु, लिवलास तां एकदम खरा आसा. माझ्या मामाची गोष्ट सांगतंय. बाकीचा सगळ्यांका समजात असा लिवतंय.

मामा आयुष्यभर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत आला. जांघेत गाठ होती, आडवा झाला की आत जायची, म्हणून कोणाला दाखवली नाही. एक दिवस पोट फुगलं, उलट्या सुरू. एका दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी परत तेच. लुंगी खाली करून कोणी बघितलंच नाही, आणि मामाही लाजेने बोलला नाही. तिसऱ्या ठिकाणी सिस्टरने विचारलं, तेव्हा गाठ दगडासारखी घट्ट झालेली आणि हात लावू देईना. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेला. आतड्याचा तुकडा कापावा लागला, पण माणूस वाचला.

दुसरं, बांगड्याचं विचारायचं आहे. कधीकधी बांगडा खाल्ला की अर्ध्या तासात तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, अंगाला खाज, पोटात मुरडा. लोक म्हणतात ॲलर्जी आली. पण त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी ताजा बांगडा काही करत नाही. हे काय?

खाडीकाठचा डॉक्टर

मामांची गोष्ट प्रत्येक दवाखान्यात सांगितली पाहिजे. पोट फुगलं, उलट्या होतायत, शौच आणि वारा दोन्ही बंद, अशा माणसाच्या दोन्ही जांघा उघड्या करून बघितल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं म्हणूच नये. बायकांमध्ये तर आणखी, कारण मांडीच्या मुळाशी येणारा हर्निया छोटा असतो आणि लुगड्या-परकराच्या गाठीखाली लपून राहतो. जांघेत गाठ असलेल्या सगळ्यांना सांगा : ती आत जातेय तोवर ठरवून, सवडीने ऑपरेशन करून घ्या. घट्ट झाली, दुखू लागली, आत जाईना, की मग तासांचा हिशेब असतो.

बांगड्याचं तुम्ही अगदी बरोबर हेरलंत. हा ॲलर्जीसारखा दिसणारा हिस्टामिनचा त्रास. बांगडा, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा बर्फाविना उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, खारवून जात नाही. मासा कधीकधी जिभेला चुरचुरतो, पण वास चांगला असूनही हे होऊ शकतं. बहुतेकांना ॲलर्जीवरच्या साध्या गोळीने काही तासांत आराम पडतो. दम लागला, चक्कर आली तर मात्र थेट दवाखाना. उपाय तुमच्याच हातात आहे, मासा होडीत आल्यापासून बर्फात. आणि अशा माणसावर जन्मभराची मासेबंदी लादू नका. आपल्या किनाऱ्यावर ती फार मोठी शिक्षा आहे. एकाच ताटातले दोघे-तिघे एकदम लाल झाले तर समजायचं, दोष माशाचा.

नवखा एमओ

सर, प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकताच मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झालोय. पावसाळ्यात ओपीडी तुडुंब असते. सगळ्यांना टेबलावर घ्यायचं तर दुपारचे तीन वाजतील. कोणाला आडवं करायचं आणि कोणाला नाही?

चिपळूणकर

मला तर वाटतं हात लावून काय ते कळण्याचे दिवस गेले. चिपळूणमध्ये सोनोग्राफी सहज होते. माझ्या बायकोला जेवल्यावर पोट फुगायचं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडा सापडला. हाताने तो सापडला असता का?

खाडीकाठचा डॉक्टर

आधी चिपळूणकरांना. खडा हाताने सापडला नसता, हे कबूल. पण पित्ताशयातले पुष्कळ खडे आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. खड्याचं दुखणं वेगळं असतं : बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली, उठलं की अर्धा तास ते काही तास सलग, बऱ्याचदा जेवणानंतर किंवा रात्री, कधी उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत. नुसतं पोट फुगणं आणि ढेकर हे खड्यामुळेच आहे असं धरून ऑपरेशन केलं, तर खडा जातो आणि फुगणं राहतं. वहिनींना असं दुखणं कधी आलं होतं का, हे सर्जनशी नीट बोलून घ्या. सोनोग्राफी मीही करायला पाठवतो. पण कशासाठी पाठवतोय हे चिठ्ठीवर लिहून, आणि ते लिहिता येतं तपासल्यावरच. वायूने भरलेल्या पोटात सोनोग्राफीलाही अपेंडिक्स कित्येकदा दिसत नाही. रिपोर्टमध्ये 'अपेंडिक्स दिसलं नाही' असं येतं, आणि घरचे त्याचा अर्थ 'अपेंडिक्स नाही' असा लावतात.

हाताच्या मर्यादाही सांगतो. म्हातारी माणसं, मधुमेही, स्टिरॉइडवर असलेले, यांचं पोट आत भोक पडलेलं असूनही मऊ लागू शकतं. दुखणं आकांताचं आणि पोट मात्र मऊ, असं असेल, विशेषतः हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या म्हाताऱ्या माणसात, तर आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडल्याची शंका घेऊन लगेच पाठवायचं. आणि सकाळी मऊ असलेलं पोट संध्याकाळी कडक होऊ शकतं. म्हणून संशय असलेल्या पेशंटला 'चार-पाच तासांनी परत दाखवा' सांगणं, आणि तो नाही आला तर आशाताईंना फोन करणं, यासारखी चाचणी आपल्याकडे दुसरी नाही.

आता डॉक्टर, तुम्हाला. दुखतंय म्हणणारा प्रत्येक जण टेबलावर. दुखत नाही, नुसती छातीत जळजळ, ढेकर, बाकी खाणं-पिणं ठीक, वय तरुण, असे उभ्याने चालतील. पण उतारवयात पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, वजन घटणं, गिळताना अडकणं, वारंवार उलट्या, काळी शौच किंवा रक्त, फिकट डोळे, कावीळ, हाताला लागणारा गोळा, घरात कोणाला पोटाचा कॅन्सर, यातलं एकही असलं तर उभ्याने नाही आणि नुसत्या गोळीवरही नाही. त्याला दुर्बिणीने आतून तपासण्यासाठी (एंडोस्कोपीला) पाठवायचं. ताप आणि पोटदुखी असलेल्या शेतकऱ्याच्या पोटऱ्या दाबून बघा, डोळे लाल आहेत का बघा. आपल्याकडे भातलावणीनंतरचा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असाही येतो. आणि मुलगा पोट दुखतं म्हणाला तर चड्डी काढून अंडकोष बघायचेच. पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत सोडवावा लागतो, आणि पोरं लाजेने पोटच दुखतं म्हणतात.

नवखा एमओ

धन्यवाद सर. काल एक आजोबा आले. घरचे म्हणाले, पोटात गोळा उठलाय, सकाळपासून तळमळतायत. टेबलावर घेतलं. ओटीपोटात मधोमध, बेंबीपर्यंत आलेला गोल उंचवटा, ठोकल्यावर बद्द, आणि दाबल्यावर ते म्हणाले, 'लघवीला होतंय पण येत नाही.' कॅथेटर घातल्यावर लिटरभर लघवी आली आणि गोळा नाहीसा झाला. दोन दिवस सर्दीची गोळी चालू होती. प्रोस्टेटसाठी पुढे पाठवलंय.

खाडीकाठचा डॉक्टर

शाब्बास. सर्दीच्या गोळीचं विचारलंत हे विशेष. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांना त्या गोळ्यांनी लघवी तुंबते. मेडिकलवाल्यांनीही याची नोंद घ्यावी.

औषधवाला

नोंद घेतली. माझं देवगड तालुक्यात मेडिकल आहे. काउंटरवर सगळ्यात जास्त मागणी पॅन्टोप्राझोलची. लोक वर्षानुवर्षं घेतात, बंद केलं की जळजळ दुप्पट होते म्हणून परत घेतात. काय सांगू त्यांना?

खाडीकाठचा डॉक्टर

हे औषध चांगलं आहे, घेण्याची रीत चुकते. सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी, आणि साध्या जळजळीला चार ते आठ आठवडे. अचानक सोडलं की काही दिवस आम्ल उसळी मारून वाढतं, म्हणून जळजळ परत येते. याचा अर्थ औषध जन्मभर लागणार असा नाही. दिवसाआड करत कमी करा, मधे गरज पडली तर साधं अँटासिड. रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, तंबाखू-मशेरी बंद. मशेरीबद्दल बायकांना कोणी विचारतच नाही, तुम्ही विचारा. पण रक्तस्राव झालेला असेल, किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ही गोळी मनाने बंद करायची नाही.

वारंवार अल्सर होत असेल तर हेलिकोबॅक्टरची तपासणी करायला सांगा. अल्सरमागे जिवाणू असतो हे पटेना, तेव्हा बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन दाखवला. पुढे २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं. त्यावर ठरावीक दिवसांचा अँटिबायोटिक्सचा कोर्स असतो, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. आणि पोटदुखीसाठी तिसऱ्यांदा गोळी मागायला आलेल्या माणसाला गोळी न देता दवाखान्यात पाठवा. ते गिऱ्हाईक तुटणार नाही.

गुहागरची सून

मला दोन वर्षं हेच चालू आहे. सकाळी पोटात कळ येते, दोन-तीनदा जावं लागतं, गेलं की बरं वाटतं. घरी पाहुणे, परीक्षा, भांडण काही असलं की वाढतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. सासरी म्हणतात मनाचे खेळ. वजन तेवढंच आहे, रात्री झोप लागते.

खाडीकाठचा डॉक्टर

ताई, हे मनाचे खेळ नाहीत. आतड्याची संवेदना वाढलेली असते, दुखणं खरं असतं. आठवड्यातून निदान एक दिवस दुखणं, शौचाशी त्याचा संबंध, किती वेळा शौचाला जावं लागतं ते किंवा शौचाचा घट्ट-पातळपणा बदलणं, आणि हे सगळं सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेलं, अशा चित्राला आयबीएस म्हणतात. झोपेतून उठवत नाही, वजन घटत नाही, या दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची तपासणी झाली आहे ना, एवढं बघा. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, उजवीकडे खाली गोळा असं काही आलं तर मात्र आतड्याचा टीबी आधी शोधायचा.

खाण्याची वही ठेवा. दूध, फणस, आंब्याचा अतिरेक, चवळी-वाल यातलं एकेक पंधरा दिवस सोडून बघा. सगळं एकदम सोडलंत तर काहीच कळणार नाही आणि अंग मात्र खंगेल. आणि तुमचं पोट कोणीतरी नीट तपासू दे. तपासून 'आत वाईट काही नाही' असं सांगितलं की अर्धा धीर तिथेच येतो, हे मी कैकदा पाहिलंय.

वैद्य, आडिवरे

आमच्याकडे दर्शन, स्पर्शन, प्रश्न असा क्रम आहे, तेव्हा धाग्याशी पूर्ण सहमत. हिंग, ओवा, सुंठ हे साध्या वायूला उत्तम. पण बाळाच्या बेंबीवर हिंग लावून रात्रभर वाट बघणारे लोक माझ्याकडे सकाळी येतात. बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, मधेच गळून पडतं, हिरवी उलटी किंवा रक्तमिश्रित शेंबडासारखी शौच होते, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. तिथे हिंग नाही, हॉस्पिटल.

सेविकाताई

अजून एक भर घालते. पावसाळ्यात पहाटे पोट दुखतं, उलटी होते म्हणून उठलेलं माणूस जमिनीवर झोपलं होतं का, हे विचारा. मण्यार चावलेली कळतही नाही, खूण दिसत नाही. आमच्याकडे एक मुलगा असाच आणला होता. पोट मऊ, पण पापण्या जड, डोळे उघडेनात, बोलणं जड. डॉक्टरांनी पोट सोडून डोळ्यांकडे बघितलं आणि लगेच प्रतिविष सुरू करून व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पाठवला.

आणि डॉक्टर, एक विचारायचं आहे. आमच्या वाडीत सातव्या महिन्याची गरोदर बाई आहे. चार दिवस अन्न नको झालंय, आज डोळे पिवळे दिसतात. घरचे कावीळ उतरवायला न्यायचं म्हणतात. गळ्यात माळ घालतात, ती वाढत गेली की कावीळ उतरली म्हणतात.

खाडीकाठचा डॉक्टर

ताई, मण्यारीचं लिहिलंत ते सगळ्यांनी पाठ करावं. पावसाळ्यात कोणी पहाटे पोट धरून आलं की पापण्या बघायच्याच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर केलेलं काम जगभर गेलं, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याची सुरुवात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंटच्या उशाशी बसून झाली होती.

गरोदर बाईबद्दल : आजच पाठवा, उद्या नको. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ई बाकीच्यांना बहुतेकदा आपोआप बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांत ती आईच्या जिवावर उठू शकते. गरोदरपणात कावीळ दिसण्याची दुसरीही कारणं आहेत, बीपी वाढून यकृत बिघडणं हे त्यातलं एक. म्हणून निघायच्या आधी बीपी घ्या. ती पेंगतेय का, विसंगत बोलतेय का, हिरड्यांतून किंवा अंगावरून रक्त जातंय का, बाळ हलतंय का, हे बघून चिठ्ठीवर लिहा. वाटेत कोणतंही झाडपाल्याचं औषध नको, तापासाठी घरच्या मनाने पॅरासिटामॉलही नको. स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तपेढी आणि आयसीयू तिन्ही असतील तिथेच न्यायला सांगा, मधल्या रुग्णालयात थांबून वेळ जाऊ देऊ नका. घरचे माळेवर अडून बसले तर माळ घालू द्या आणि गाडीत बसवा. आणि त्या घरची बाकीची माणसं कोणत्या विहिरीचं पाणी पितात ते विचारून ठेवा, तिथे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला ग्रामपंचायतीला आज संध्याकाळीच सांगा. १०८ ला फोन झाला की मला कळवा, पुढच्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवतो.